नीलकंठराव वैरागडे यांची ‘पहली पाली’

नीलकंठराव वैरागडे यांनी उभ्या आयुष्यात मनापासून असा एकच अर्ज केला, आणि त्याचं उत्तर त्यांना एकोणचाळीस वर्षांनी मिळालं. तेही हॉलंडहून, एका ग्रामोफोन रेकॉर्डच्या वेष्टनात. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण एकोणचाळीस वर्षं म्हणजे फारच झालं. बरं, त्यात सरकारचा काडीचाही दोष नव्हता. आता हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

वैरागड्यांचं घर मूळ आर्वीकडचं. आजोबा जबलपुरात आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि वैरागडे इकडेच राहिले, कारण तोवर वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात चिकटले होते आणि चिकटलेली नोकरी सोडून भाषेच्या मागे जाण्याइतका वेडा माणूस त्या घरात नव्हता. वडिलांमागून नीलकंठरावही तिथेच लागले. टर्नर, हजेरीचा टिकट नंबर एकवीसशे चौऱ्याहत्तर. लेथवर उभं राहायचं, लोखंड कातायचं, सुटीचा भोंपू वाजला की सायकल काढायची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे फारसं काही नाही, कारण माणूस मुलखाचा अबोल. त्यांच्या पत्नी पुष्पाताई म्हणतात, “यांच्यापेक्षा आमचा कुकर बरा. तो शिटी तरी मारते.”

पण हा अबोल माणूस कानाचा राजा होता. लेथच्या आवाजावरून हत्यार बोथट झालंय की नाही, ते ते पाठमोरे उभे राहून सांगत. घरी एक जुनी पेटी होती आणि पुढे आखातातून आलेल्या एका नातेवाइकाकडून मिळालेला छोटा जपानी कीबोर्ड. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे केलं, त्याला त्या वेळी जबलपुरात नाव नव्हतं. विलायतेत होतं. तिकडे त्याला न्यू वेव्ह म्हणत. म्हणजे कीबोर्डचे थंड, सरळ सूर, यंत्रासारखा न थकणारा ठेका, आणि त्यावर रडगाणं नाही की लाडीगोडी नाही, बोलल्यासारखा कोरडा आवाज. कॅन्टोन्मेंटमधल्या एका दुकानात मिळालेली असली एक कॅसेट नीलकंठरावांनी ऐकली आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर आपल्या मशीन-शॉपमध्ये, लेथवर, रोज सकाळी सातला वाजतं!

कारखान्यात टेपरेकॉर्डर न्यायला सक्त बंदी. म्हणून ते लेथचा ठेका डोक्यात भरून घरी आणत आणि परसातल्या तारेवर पाइपचे तुकडे टांगून तो हुबेहूब वाजवत. शेजारच्या बाईंना वाटे, नळाचं काम चाललंय. त्या ठेक्यावर ते चाली बसवत, आणि तीन वर्षांच्या विनीताला मांडीवर घेऊन त्या चाली गुणगुणत. पोरगी त्या ऐकत झोपून जाई. मशीनच्या अंगाईवर झोपणारं ते जगातलं बहुधा पहिलंच मूल असावं.

आता गुणवंत खरवडे. नीलकंठरावांचा शाळासोबती, कारखान्यात आस्थापना विभागात क्लार्क. रजा, बढती, पेन्शन, नियम, पोटनियम, सगळं याच्या टेबलावर. पाच हजार माणसांच्या कारखान्यात नियमाचं पुस्तक कुणी उघडत नसे. गुणवंतला विचारलं की झालं. दिसायला देखणा, बोलायला मिठ्ठास, गळाही बरा, आणि दोन ओळी जुळवण्याची कला अंगात. त्यानं शब्द लिहिले, नीलकंठरावांनी चाली दिल्या, रेल्वे कॉलनीतला एक गिटारवाला सोबतीला आला, आणि नेपियर टाउनमध्ये एका होमिओपॅथीच्या दवाखान्यावरच्या खोलीत तिघांचा सराव सुरू झाला. त्र्याऐंशी साली मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं आठ गाणी रेकॉर्ड करायचं कबूल केलं. अल्बमचं नाव ‘पहली पाली’. कारखान्यातली पहिली शिफ्ट.

इथे नीलकंठरावांना नियम आठवले. आपण केंद्र सरकारचे नोकर. रेकॉर्डवर नाव छापून आलं तर? त्यांच्याच शॉपमधल्या एकानं बायकोच्या नावाखाली दुकान चालवलं म्हणून त्याला चार्जशीट मिळाली होती, त्याचं उतरलेलं तोंड त्यांनी रोज पाहिलं होतं. ते गुणवंतकडे गेले. गुणवंतनं अर्ज टाइप केला, नीलकंठरावांनी सही केली, अर्ज वर गेला. गुणवंत स्वतःही त्याच कारखान्यातला, पण तो म्हणाला, “माझं मी बघून घेतो.” आस्थापनावाल्यानं असं म्हटलं की त्यापुढे कोण काय बोलणार?

दोन-तीन आठवड्यांनी त्यानं नीलकंठरावांना कॅन्टीनच्या मागे गाठलं. “नीलू, नाही जमत यार. साहेब तोंडीच म्हणाले, नाव आलं तर सीधे चार्जशीट. कागदावर नकार देऊन नाही राहिले, तेवढी मेहेरबानी. तू वाजव. नाव माझं टाकू, फक्त कव्हरवर. आपल्याला तर माहीत आहे ना कोणाचं काय आहे ते?”

नीलकंठरावांनी मान डोलावली. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, पण जबलपूरकरांपर्यंत ती बातमी उशिरा पोचली असावी.

रेकॉर्ड निघाली. कव्हरवर गुणवंतचा चेहरा, आणि खाली ‘शब्द, स्वर, संगीत: गुणवंत खरवडे’. ती कुठे खपली नाही, कुणी वाजवली नाही. लोकांना गझला हव्या होत्या, डिस्को हवा होता. सकाळच्या भोंपूवरचं कोरडं गाणं कुणाला हवं होतं? गिटारवाला ऑस्ट्रेलियाला गेला. कंपनी बुडाली. नीलकंठरावांनी आपल्या वाट्याची प्रत धान्याच्या कोठीमागे ठेवली, पाइपचे तुकडे तारेवरून काढले आणि पुन्हा म्हणून कधी कीबोर्डला हात लावला नाही. भीती हा प्रकार फार चिवट असतो. रेकॉर्ड मेली तरी भीती शाबूत राहिली.

इथवरचं सगळं नीलकंठरावांनी मनावर दगड ठेवून गिळलं असतं. पण अठ्ठ्याऐंशी साली एक दिवस उगवला, आणि तो त्यांच्या घशात कायमचा अडकला.

झालं असं, की रेडिओवर युवकांच्या कार्यक्रमात कुणीतरी हौसेनं ‘पहली पाली’तलं ‘सात बजे का भोंपू’ लावलं आणि निवेदकानं गुणवंतचं नाव घेतलं. आठ वर्षांची विनीता तेव्हा राइट टाउनमधल्या एका शाळेत तिसरीत होती. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं, “ते गाणं माझ्या बाबांचं आहे. ते मला झोपवताना म्हणायचे.” पोरं हसली. गुणवंतचा पुतण्या त्याच वर्गात. तो म्हणाला, झूठ, वह तो मेरे चाचा का है। भांडण झालं, विनीतानं त्याला बोचकारलं, आणि बाईंनी वडिलांना बोलावणं धाडलं.

नीलकंठराव स्कूटरवरून गेले. बाई भल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, “आपकी बेटी कहती है, गाना आपने बनाया। सच है क्या?” नीलकंठरावांना ठाऊक होतं की बाईंचे यजमान त्यांच्याच कारखान्यात, तेही ऑफिसात. त्यांना त्या शॉपमधल्या माणसाचं उतरलेलं तोंड आठवलं. विनीता दाराशी उभी होती, वेणीची रिबन सुटलेली, बापाकडे बघत. आता बाबा सांगतील, अशा नजरेनं.

नीलकंठराव म्हणाले, “नहीं जी। इसकी आदत है, बातें बना लेती है।”

विनीताला वर्गासमोर उभं राहून ‘मी खोटं बोलले’ असं म्हणावं लागलं. घरी येताना तिनं स्कूटरवर बापाची कंबर धरली नाही, मागचं कॅरिअर धरलं. त्यानंतर विनीता वाढली, शिकली, हैदराबादला औषधांच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागली, लग्न केलं. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येतो. बीपी किती, गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का, दहा मिनिटांत आटोपतो. स्वतःचं ती काही सांगत नाही. नीलकंठरावांना कारण माहीत होतं. कधीतरी हिला खरं सांगायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्याकडून मागायची ठेवली होती. आधी नोकरीची भीती होती, मग पेन्शनची. निवृत्त झाल्यावर दोन्ही सरल्या, पण तोवर खरं वाटावं असं हाताशी काही उरलं नव्हतं. म्हातारपणी बाप अचानक म्हणणार, ते गाणं माझंच होतं. आणि पोरगी काय म्हणणार? बातें बना लेते हैं.

अशात दोन हजार बावीस साली गुणवंत स्वतः एक चौकोनी खोकं घेऊन दारात उभा. हॉलंडच्या कुणा रेकॉर्ड गोळा करणाऱ्या माणसाला ‘पहली पाली’ची प्रत कुठल्याशा जुन्या बाजारात सापडली होती. तो म्हणे वेडाच झाला. काळाच्या पुढचं संगीत, जगानं दुर्लक्षिलेलं रत्न, वगैरे. त्यानं गिटारवाल्याला ऑस्ट्रेलियात शोधलं, त्याच्यामार्फत गुणवंतला. आणि आता ही नवी आवृत्ती काढली होती. एका रेकॉर्डवर मूळ आठ गाणी, दुसरीवर गिटारवाल्यानं जपलेल्या सरावाच्या जुन्या टेप्स आणि अर्धीमुर्धी गाणी, सोबत चाळीस पानांची पुस्तिका.

“रविवारी मंडळ सत्कार करून राहिलं माझा,” गुणवंत म्हणाला. “महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, अकराला. शाल, श्रीफळ. तू यायचंच. दोन शब्द पण बोल माझ्याबद्दल.”

खोक्यावर त्यानं पेनानं लिहिलं होतं: ‘माझा जुना साथीदार नीलू यास सप्रेम.’ पुष्पाताईंनी चहा दिला, तो घेऊन स्वारी गेली.

नीलकंठरावांनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर काढला. सुई गेलेली. ती नेपियर टाउनच्या एका दुकानातून मिळवण्यात दोन दिवस गेले. गुरुवारी दुपारी, पुष्पाताई भजनाला गेल्यावर, त्यांनी पहिली रेकॉर्ड लावली.

एकोणचाळीस वर्षांनी आपलंच काम ऐकणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळावं. त्यांना वाटलं होतं, पोरकटपणा असेल, लाज वाटेल. पण सुई टेकली, पाइपांचा ठेका सुरू झाला, त्याखालून कीबोर्डचा सूर सकाळच्या धुक्यासारखा हळूच वर आला, आणि नीलकंठराव खुर्चीत ताठ बसले. किती चांगलं होतं ते! त्या वेळच्या रेकॉर्डवर सगळं गिचमिड झालेलं, हॉलंडवाल्यांनी ते धुऊन-पुसून असं मोकळं केलं होतं की प्रत्येक तुकडा वेगळा ऐकू येत होता. तिसऱ्या गाण्यात त्यांनी मुद्दाम एक मात्रा सोडली होती, लेथचा पट्टा घसरतो तशी. ती जागा आली आणि ते मोठ्यांदा हसले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली. सरावाची टेप. खुर्ची सरकल्याचा आवाज, खाली दवाखान्यात कुणी खोकल्याचा आवाज, आणि त्यांचाच तरुण आवाज: “एक, दोन, तीन, हं.” मग चाल. मध्येच वाजवणं थांबतं आणि गुणवंत म्हणतो, “नीलू, पुन्हा वाजव ना. ही चाल कुठून काढतोस रे तू?”

आणि नीलकंठराव म्हणतात, “अरे, विनूला झोपवता झोपवता सुचली.”

नीलकंठरावांनी सुई उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. चारदा ऐकलं. हॉलंडच्या माणसाला मराठी कुठून कळणार? पुस्तिकेत त्यानं लिहिलं होतं, ‘गाण्याआधी वादकांच्या गप्पा.’ त्या गप्पांत नीलकंठरावांना त्यांची लेक परत मिळत होती. त्यांचे डोळे भरून आले. इतके खूश ते मुलीच्या लग्नातही झाले नव्हते. विनूला हे ऐकवायचं, आजच ऐकवायचं, रविवारची वाट बघायची नाही, असं ठरवून त्यांनी पुस्तिका उघडली.

त्यात गुणवंतची लांबलचक मुलाखत होती. चाली कशा सुचल्या ते त्यानं फार सुरेख सांगितलं होतं. लेथच्या ठेक्याबद्दल तर अख्खा परिच्छेद. या गड्यानं जन्मात लेथला हात लावला नव्हता! ज्याच्या हाती ससा तो पारधी. नीलकंठरावांबद्दल एक ओळ: ‘माझा एक मित्र सामान उचलायला मदत करायचा.’ एवढं वाचूनही, खरं सांगतो, ते फारसे चिडले नाहीत. हातात टेप होती ना.

शेवटच्या पानावर जुन्या चिजा छापल्या होत्या. सरावाचा फोटो, मुंबईच्या स्टुडिओची पावती, एक हँडबिल, आणि कोपऱ्यात तिरका ठेवलेला एक सरकारी कागद. जांभळा गोल शिक्का झकास उमटलेला. त्या शिक्क्यासाठीच हॉलंडवाल्यानं तो घेतला असणार. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘त्या काळातला एक कागद’. नीलकंठरावांनी भिंग आणलं. ‘श्री नीलकंठ वैरागडे, टर्नर, टिकट नं. 2174 को उनके आवेदन के संदर्भ में सूचित किया जाता है कि यदा-कदा किए जाने वाले कलात्मक कार्य हेतु पूर्व अनुमति आवश्यक नहीं है। नाम प्रकाशित होने पर कार्यालय को कोई आपत्ति नहीं।’ तारीख ११ ऑगस्ट १९८३. रेकॉर्ड छापून आली ती नोव्हेंबरात. आणि तळाशी ‘प्राप्त किया’ या शब्दांपुढे नीलकंठरावांच्या वतीनं झोकदार सही. ती सही त्यांनी बत्तीस वर्षं रजेच्या अर्जांवर पाहिली होती.

नीलकंठरावांनी ओळ न् ओळ दोनदा वाचली. मग पुस्तिका काखेत मारली, चपला घातल्या आणि ऑटो करून गुणवंतच्या घरी गेले.

गुणवंत झोपाळ्यावर होता. “ये ये! ऐकली? काय साउंड काढला ना गोऱ्यांनी!”

नीलकंठरावांनी शेवटचं पान त्याच्यापुढे धरलं आणि बोट ठेवलं. गुणवंतनं चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाला, “हे इथं कसं आलं?”

हे काय आहे, असं नाही विचारलं त्यानं. चोराच्या मनात चांदणं.

आतून त्याची सून सुमेधा बाहेर आली. हसत म्हणाली, “मीच स्कॅन करून पाठवले काका, बाबांच्या फाइलमधले सगळे कागद. बाबांनी किती नीट लावून ठेवले होते!” गुणवंतनं तिला पाणी आणायला सांगितलं. ती गेली.

“तू म्हणाला होतास, साहेबांनी नाही म्हटलं.”

“यार नीलू, चाळीस वर्षांची गोष्ट...”

“म्हणाला होतास की नाही?”

“म्हणालो असेन.” गुणवंतनं पायानं झोपाळा थांबवला. “कंपनीवाले म्हणून राहिले होते, एकच नाव पाहिजे, एकच चेहरा. अन् तू तर कोणाशी बोलतही नव्हतास. चार माणसांत उभं केलं तर घाम फुटत होता तुला. मी विचार केला, याला काय फरक पडते?”

“मग तसं सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर दिल्या असत्या चाली?”

नीलकंठरावांनी पुस्तिका मिटली. त्यांनी वेगळंच विचारलं. “कागद फाडला काहून नाहीस?”

“शिक्का होता ना बे त्यावर,” गुणवंत म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काही नाही. “शिक्क्याचा कागद फाडतात का?”

केसानं गळा कापणारे पुष्कळ असतात. पण केस जपून फाइलला लावून ठेवणारा आस्थापना विभागातच भेटावा. बत्तीस वर्षं नीलकंठराव रजेसाठी, बढतीसाठी, पेन्शनच्या कागदांसाठी त्या टेबलासमोर उभे राहिले होते. तो कागद त्यांच्यापासून हातभर लांब कुठल्यातरी कपाटात पडून होता. आणि मिठाई द्यायला म्हणून प्रत्येक दिवाळीला हाच माणूस घरी येत होता.

“अन् नुकसान काय झालं तुझं?” गुणवंतचा आवाज आता चढला. “रेकॉर्ड कुठं खपली? मला तरी काय मिळालं? चल, रविवारी मंचावरून तुझं नाव घेतो. खास घेतो.”

“काय म्हणून घेशील?”

गुणवंतनं चष्मा काढून पुसला. “साथीला होता म्हणून.”

नीलकंठराव उठले. सुमेधानं आणलेलं पाणी त्यांनी घेतलं, कारण पोरीचा काही दोष नव्हता. रस्त्यावर आल्यावर त्यांनी एका दुकानातून त्या पानाची मोठी झेरॉक्स काढून घेतली. रविवारी मंचावर चढायचं आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलायचं. हा कागद वाचून दाखवायचा. बस्स. आणि गंमत म्हणजे भीती कुठेच नव्हती.

पण त्याआधी विनू. संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन लावला. विनीतानं घाबरूनच उचलला. “काय झालं? आई ठीक आहे ना?” बापानं आपणहून फोन करण्याचा दुसरा अर्थ तिला माहीत नव्हता.

“ठीक आहे. तू ऐक फक्त,” असं म्हणून त्यांनी फोन रेकॉर्ड प्लेअरजवळ धरला. एक, दोन, तीन, हं. चाल. गुणवंतचा प्रश्न. विनूला झोपवता झोपवता सुचली. त्यांनी सुई उचलली आणि मग सगळं सांगितलं. अर्ज, कॅन्टीनची मागची बाजू, कागद, शिक्का, सही. इतकं सलग ते जन्मात बोलले नव्हते. पुष्पाताई हातातली भाजी तशीच ठेवून दाराशी उभ्या राहिल्या.

“म्हणजे,” विनीता म्हणाली, “मी खोटं नव्हते बोलले.”

“नाही गं.”

“बाबा, तुम्हाला माहीत आहे, मी काय ठरवून टाकलं होतं? की ते गाणं तुम्ही मला कधी म्हटलंच नसणार. माझंच डोकं असं काहीतरी बनवते. मी लॅबमध्ये अजून प्रत्येक आकडा तीनदा बघते. लोग समझते हैं, बड़ी सिन्सियर है। मी सिन्सियर नाही, बाबा. मला माझ्यावर भरोसाच नाही.”

“गुणवंतनं फसवलं गं मला. नोकरी जाईल म्हणाला. अन् तुझ्या त्या बाईंचे यजमान...”

“हो. काकांनी तुम्हाला फसवलं.” तिचा आवाज शांत होता. “अन् मला कोणी फसवलं?”

नीलकंठरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. गुणवंतच्या झोपाळ्यासमोर त्यांना वाटलं होतं, जगात आपल्याएवढा नाडला गेलेला माणूस नसेल. गुणवंतनं निदान पाठीमागे कागद लपवला होता. त्यांनी तर लेकीच्या तोंडावर, तिच्याकडे बघत, तिला खोटं पाडलं होतं.

“मी,” ते म्हणाले.

मग विनीता म्हणाली, “रविवारी करते फोन,” आणि तिनं ठेवला.

रविवारी पुष्पाताईंनी इस्त्रीचे कपडे काढून ठेवले. नीलकंठरावांनी ते घातले, झेरॉक्सची घडी खिशात ठेवली, आणि पावणेअकराला फोनजवळच्या खुर्चीत बसले.

“अहो, तिकडे सुरू झालं असेल ना? जाऊन नाही राहिले का तुम्ही?”

“फोन येऊ दे विनूचा.”

सव्वाअकराला फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला. गुणवंत होता, मागे माइकची खरखर. “नीलू, कुठं आहेस बे? पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली तुझ्यासाठी. तुझं नाव घेऊन राहिलो, ये लवकर.”

“फोन ठेव,” नीलकंठराव म्हणाले. “मला फोन यायचा आहे.”

बारा वाजले. पुष्पाताई दोनदा येऊन बघून गेल्या. तिकडे शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं आटोपलं असणार. साडेबाराला त्यांनी फोन उचलून कानाला लावून पाहिला, तो चालू होता. पुष्पाताईंनी ताट वाढलं, ते त्यांनी तिथेच मागवून घेतलं, आणि ते निवून गेलं. दीड वाजला तरी विनीताचा फोन आला नव्हता.